पोपचं दुःख मोबाईलवर केलं तर काय बिघडलं?

पोप फ्रान्सिस गेले तेव्हापासून आमच्या नागपूरच्या सदर-मोहननगरच्या कॅथलिक लोकांत एक वाद सुरू आहे, आणि नवीन पोप आले, कामाला लागले, तरी तो काही मिटून नाही राहिला. एक गट म्हणतो, पोप वारले म्हणजे घरातलं मोठं माणूस गेलं, नऊ दिवस मोबाईल बाजूला ठेवायचा, रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणायची, मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जायचं, ते यूट्यूब आणि कॅथलिक वेबसाइट्स चाळत बसणं म्हणजे दुःख नाही, टाइमपास आहे. दुसरा गट, बहुतेक तिशीच्या आतला, म्हणतो की जमाना बदलला, आता सगळं सगळ्यांना दिसतं, ख्रिस्तसभेत (कॅथलिक धर्मसंस्थेत) पहिल्यांदा मोकळी हवा आली आहे, तुम्ही काहून घाबरता? मला दोघांचंही पटत नाही. मोबाईलवर बातम्या पाहत पाहत शोक करणं यात कमीपणा काहीच नाही, उलट रोमपासून इतक्या दूर राहणाऱ्या आपल्याला दुसरा रस्ताच नव्हता. बिघडलं ते वेगळ्या जागी. बातमीसोबत आपण दुसऱ्यांचं भांडणही उसनं आणलं, आणि बोट आधी कोणत्या चॅनेलवर पडलं त्यावरून कोणत्या फ्रान्सिससाठी रडायचं हे ठरलं. पण त्यावर इलाज म्हणून मोबाईल बंद करा म्हणणं म्हणजे रोग एक आणि औषध दुसऱ्याच रोगाचं.

आधी ते दिवस आठवा. २१ एप्रिल २०२५, ईस्टरनंतरचा सोमवार. आदल्या दिवशी याच माणसाने गॅलरीत येऊन आशीर्वाद दिला होता, गाडीत बसून चौकात फेरी मारली होती. रोमच्या घड्याळात सकाळी ७:३५ ला प्राण गेला आणि कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी) केविन फॅरेल यांनी जाहीर केलं तेव्हा नागपुरात दुपारचा एक वाजून गेला होता, बाहेर चिटपाखरू नाही असं एप्रिलचं ऊन. त्या संध्याकाळी टीव्हीवर थोडंफार दिसलं. दुसऱ्या दिवशी पहलगाम झालं, २६ लोक मारले गेले, आणि त्यानंतर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं आणि असायलाही नको होतं. सरकारने पोपसाठी तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला होता, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू अंत्यविधीला रोमला गेल्या, पण हे कितीजणांना कळलं? पुढे ७ मेला नवा पोप निवडायला कार्डिनल लोक सिस्टीन चॅपलमध्ये गेले तो दिवस ऑपरेशन सिंदूरचा, आणि ८ मेला आपल्या साडेनऊच्या सुमारास चिमणीतून नवा पोप ठरल्याचा पांढरा धूर निघाला तेव्हा धर्मशाळेची आयपीएल मॅच मध्येच बंद पडलेली, सगळा देश सीमेकडे डोळे लावून बसलेला. अशा वेळी ज्याला पोपचं दुःख होतं त्याने जायचं कुठे? पेपरात आतल्या पानावर चार ओळी, चॅनेलवर खालची पट्टी. व्हॅटिकन न्यूज, यूसीए न्यूज, मॅटर्स इंडिया या कॅथलिक बातम्यांच्या साइट्स, वेगवेगळे यूट्यूब चॅनेल, हेच काय ते होतं. मोबाईल बाजूला ठेवा म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावं की मग बातमी घेऊन कोण येणार होतं, पोस्टमन?

अंत्यविधी २६ एप्रिलला, शनिवारी, आपल्या दुपारी दीड वाजता. मोहननगरच्या एका घरी मोबाईल टीव्हीला जोडून सात-आठ जण बसलो होतो, कूलर इतका आवाज करत होता की इंग्रजी कॉमेंट्री नीट ऐकूही येत नव्हती. त्या घरच्या आजींना ना इंग्रजी येतं ना लॅटिन. पण संतांची नावं सुरू झाली, मारिया, जोसेफ, पेत्रुस, तशा त्या सरसावून बसल्या आणि प्रत्येक नावाला आपलं मराठीतलं "विनंती कर, विनंती कर" म्हणत राहिल्या, मध्ये लाइट गेली तर नातवाच्या हातातला छोटा स्क्रीन समोर धरून म्हणत राहिल्या. हा टाइमपास? चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून घड्याळ पाहणाऱ्यापेक्षा ही बाई त्या दुपारी रोमच्या जास्त जवळ होती, असं मी तरी म्हणेन.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करायला पाहिजे, कारण त्यात दम आहे. शोकाला एक गती असते आणि फोनला ती सहन होत नाही. तुम्ही रात्री रोझरीचा व्हिडिओ लावता, तो संपतो, आणि पुढचा आपोआप सुरू होतो तो "फ्रान्सिसने ख्रिस्तसभेचं काय वाटोळं केलं" या विषयावर, दीड तासाचा, आणि तुम्ही उठून बंद करेपर्यंत दहा मिनिटं तुमच्या कानात विष गेलेलं असतं. दुःख करणाऱ्या माणसाची ढाल खाली असते, हे त्या मशीनला बरोबर कळतं. शिवाय दाखवेगिरी. सेंट पीटर्समध्ये शवपेटीसमोर सेल्फी काढणाऱ्यांवर सगळीकडे टीका झाली ती योग्यच झाली, आणि आपण नागपूरवाल्यांनी फार हसू नये, पोपच्या फोटोवर स्वतःचं नाव आणि गोल फोटो टाकून "भावपूर्ण श्रद्धांजली" फिरवणारे आपलेच पुढारी होते. आणि तिसरी गोष्ट, माती पडायच्या आधीच पुढचा कोण याच्या याद्या, सट्ट्याचे भाव. हे सगळं पाहून एखाद्या फादरांना किंवा आजोबांना वीट आला तर त्यात जुनाटपणा नाही, साधी माणुसकी आहे.

पण त्यातून "पूर्वी असं नव्हतं" हे जे काढलं जातं ते साफ खोटं आहे. पूर्वी कधी? १५२३ मध्ये पोप सहावे एड्रियन वारले तेव्हा रोमच्या लोकांनी त्यांच्या डॉक्टरच्या दाराला हार लटकवला आणि देश वाचवल्याबद्दल त्याचे आभार मानले, डॉक्टरचे! त्याच रोममध्ये पास्क्विनो नावाचा एक मोडका पुतळा आहे, त्याच्यावर शेकडो वर्षं लोक पोप आणि कार्डिनलांवर टवाळीच्या कविता रातोरात चिकटवत आले, नाव न लिहिता. आजच्या भाषेत फेक आयडीच की. आणि १८८१ च्या जुलैमध्ये पोप नवव्या पायसचं पार्थिव रात्रीच्या वेळी सान लोरेन्झो चर्चला हलवत होते तर वाटेत जमाव चालून आला, नदीत फेका म्हणून ओरडत. तेव्हा कोणाच्या खिशात मोबाईल होता? आपल्या महाराष्ट्राला तर हे शिकवायचीही गरज नाही, पुण्यात आगरकर चालते-बोलते असताना सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. दुष्टपणाला तंत्रज्ञान लागत नाही. तंत्रज्ञानाने तो दुष्टपणा लवकर आणि दूर पोचतो एवढं खरं, पण मग वाद वेगाचा आहे, श्रद्धेचा नाही, आणि वेगाच्या वादाला उत्तरही वेगळं लागतं.

आणि गप्प बसण्याचा इतिहास तर त्याहून वाईट आहे, हे आपले गप्प-बसा-वादी कधी बोलत नाहीत. १९५८ मध्ये पोप बारावे पायस कास्तेल गांदोल्फोच्या उन्हाळी वाड्यात शेवटच्या घटका मोजत होते. अधिकृत बातमी धड नाही, पत्रकार बाहेर ताटकळत, मग काही पेपरांनी आदल्या दिवशीच मृत्यूचे अंक छापून टाकले. आणि आतली बातमी कोण विकत होता? खुद्द पोपचा डॉक्टर, रिकार्दो गालेआझ्झी-लिसी. मरत्या पोपचे फोटो आणि टिपणं त्याने प्रेसला विकली. नंतर त्याला व्हॅटिकनमधून हाकलून दिलं, पण फोटो छापून आले ते आलेच. २० वर्षांनी पहिले जॉन पॉल अवघ्या ३३ दिवसांत गेले. सकाळी त्यांना मृतावस्थेत पहिल्यांदा पाहिलं ते कामाला असलेल्या सिस्टरने, पण पोपच्या खोलीत बाई गेली हे सांगायला संकोच वाटला म्हणून सेक्रेटरीने पाहिलं असं जाहीर केलं. एवढंसं खोटं! त्या एवढ्याशा खोट्यातून खुनाच्या कथा निघाल्या, पुस्तकं खपली, आणि आजही आमच्या इथे चहाच्या टपरीवर एखादा शहाणा डोळे बारीक करून म्हणतोच की तेव्हा विष दिलं होतं. लोकांना बातमी मिळाली नाही की लोक थांबत नाहीत, ते स्वतः बातमी तयार करतात.

याच्यासमोर २०२५ ठेवा. १४ फेब्रुवारीला फ्रान्सिस जेमेल्ली हॉस्पिटलमध्ये गेले ते २३ मार्चला बाहेर आले, ३८ दिवस. दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया. रोज माहिती दिली जायची, रात्र कशी गेली, ऑक्सिजन कसा आहे, किडनीचं काय. ६ मार्चला त्यांचा स्वतःचा आवाज ऐकवला, इतका थकलेला की ऐकवत नव्हता. याही काळात एआयने बनवलेले मास्क लावलेले खोटे फोटो फिरलेच, ते गेले अशा अफवाही आल्या. म्हणजे बघा, मोबाईल वाईटच, असं कोणी म्हणेल. पण तो फोटो खोटा आहे हे कोणी ओळखलं? जो रोजचं बुलेटिन वाचत होता त्याने. ज्याने "नको ते मोबाईल" म्हणून काही वाचलंच नव्हतं त्याने तो फोटो हात जोडून पुढे पाठवला. ख्रिस्तसभेचा स्वतःचा नियमही या बाबतीत शहाणा आहे. दुसऱ्या जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये लिहून ठेवलं की पोप आजारी अंथरुणावर असताना किंवा गेल्यावर कोणी फोटो काढायचे नाहीत, आवाज टेप करायचा नाही. १९५८ चा धडा घेऊन केलेला नियम असावा असं वाचताना वाटतंच. पण बंदी कशावर आहे ते पाहा, निर्लज्जपणावर आहे. बातमीवर नाही.

पुढचा पोप कोण ही चर्चा शोभते का, हाही प्रश्न तसाच. मला ते सट्ट्याचे भाव किळसवाणे वाटले, पण चर्चेचं काय? पोप सोमवारी गेले आणि मंगळवारी, २२ एप्रिलला, कार्डिनलांची पहिली बैठक बसली सुद्धा. मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस ८० वर्षांचे होऊन गेले होते म्हणून त्यांना मत नव्हतं, पण त्या बैठकांत त्यांच्यासारख्यांनाही बसता येत होतं. ख्रिस्तसभा स्वतः एका हाताने नऊ दिवसांच्या मिस्सा करते आणि दुसऱ्या हाताने पुढची तयारी, कारण गादी रिकामी ठेवून चालत नाही. मग सदरमधला एखादा पोरगा पुढचे पोप म्हणून ज्यांची नावं चालली होती ते कार्डिनल टागले कोण, पारोलिन कोण हे वाचत बसला तर तो अपवित्र आणि कार्डिनल बोलले तर ती परंपरा, हा कुठला न्याय?

इथे तरुण मंडळी टाळ्या वाजवतील, म्हणून आता त्यांच्याकडे वळतो. मोकळी हवा आली म्हणता, थोडी आली, मान्य. उघडं बोलणाऱ्या कॅथलिक पत्रकारितेचं ऋण मोठं आहे. अमेरिकेतल्या नॅशनल कॅथलिक रिपोर्टर या पेपरने १९८५ मध्ये धर्मगुरूंकडून मुलांवर होणाऱ्या अत्याचारांबद्दल छापलं होतं, बोस्टन ग्लोब या दैनिकाच्या गाजलेल्या बातम्यांच्या पार १७ वर्षं आधी, आणि तेव्हाही त्यांना हेच ऐकावं लागलं असणार की घरची धुणी बाहेर काहून धुता. पण त्या २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये तुमच्या फीडवर जे आलं ते ही पत्रकारिता होती का? टागले यांचा कित्येक वर्षं जुना गाणं म्हणतानाचा व्हिडिओ शोधून काढून हा माणूस पाखंडी आहे बघा म्हणून फिरवला गेला. पारोलिन यांना बैठकीत त्रास झाला, बीपी वाढलं, डॉक्टर आले, अशी बातमी एका कॅथलिक साइटवरून निघाली आणि व्हॅटिकनचे प्रवक्ते मातेओ ब्रुनी यांना असं काही झालं नाही म्हणून सांगावं लागलं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वतःचा पोपच्या वेषातला एआय फोटो टाकला तो तर वेगळाच तमाशा. यातलं किती तुम्ही हसत हसत फॉरवर्ड केलं? आणि एवढा कल्ला करून जे शेवटी पोप लिओ झाले त्या रॉबर्ट प्रीव्होस्ट यांचं नाव बहुतेक याद्यांत वर नव्हतंच. मोकळी हवा म्हणजे कोणीही येऊन धूर सोडावा असं नसतं.

पण खोट्यापेक्षाही मला जास्त खुपलं ते उसनं भांडण. सिस्टर जेनेव्हिएव्ह जानिंग्रोस यांची क्लिप बहुतेकांनी पाहिली असेल, ८० च्या पुढची छोटीशी सिस्टर, पाठीवर हिरवी बॅग, रांग सोडून शवपेटीपाशी आली आणि बाजूला उभी राहून रडत राहिली, आणि जिथे फक्त बिशप-कार्डिनल उभे राहतात तिथून तिला कोणी हटवलं नाही. रोमजवळच्या ओस्तियाला सर्कस-जत्रेतल्या लोकांत, ट्रान्स बायकांत राहून काम करणारी ही बाई, फ्रान्सिसची जुनी मैत्रीण. आपल्यापर्यंत ती क्लिप दोन रूपांत आली. एकीत ती संत, दुसरीत फ्रान्सिसने शिस्त कशी मोडली याचा पुरावा. तिचं रडणं तेच, मिनिट तेच, पण तुम्ही ज्याचे सबस्क्रायबर त्याने सांगितलेलं तुम्हाला दिसलं. हे भांडण कोणाचं आहे? लॅटिन मिस्सा, समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद, घटस्फोटितांना कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर), यातले प्रश्न खरे आहेत, पण ज्या कडव्या भाषेत ते आपल्याकडे आले ती अमेरिकेच्या निवडणुकांची भाषा आहे. नागपूरच्या कॅथलिक माणसाचा प्रश्न काय आहे? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, शीख आणि बौद्धांना नंतर मिळाला, हा इथला प्रश्न आहे, दीक्षाभूमीच्या गावात तर जास्तच. छत्तीसगड-झारखंडहून कामाला आलेल्या आदिवासी पोरी कुठे राहतात हा इथला प्रश्न आहे. काठावरच्या माणसाकडे जा असं १२ वर्षं सांगणारा पोप गेला आणि आपण त्याच्या नावाने वाद घातला तो टेक्सासच्या कोण्या पॉडकास्टवाल्याच्या मुद्द्यांवर, काय म्हणावं राजेहो!

मग टीका करूच नये का? काही मंडळी इथे "गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये" हे आणतात. पोपच्या बाबतीत हे चालणार नाही, तो १४० कोटी लोकांचा प्रमुख होता, त्याच्या निर्णयांचे परिणाम त्याच्याबरोबर पुरले जात नाहीत. फ्रान्सिसनाही हे माहीत होतं. २०२१ मध्ये स्लोव्हाकियात ते आपल्या जेझुइट संघातल्या बांधवांशी बोलताना म्हणाले होते की एक मोठं कॅथलिक टीव्ही चॅनेल सतत पोपबद्दल वाईट बोलतं, मी पापी आहे, माझ्यावर हल्ले झाले तर ठीक, पण ख्रिस्तसभेवर ते नकोत, हे सैतानाचं काम आहे. जहाल बोलले, थोडं जास्तच जहाल असं माझं मत. पण बंद करा असं काही म्हटलं नाही. प्रश्न टीका करण्याचा नाही, कशी करता याचा आहे. टिळक आणि आगरकर, एकेकाळचे जिवलग, केसरी आणि सुधारकमधून एकमेकांवर काय तुटून पडले हे मराठी माणसाला सांगायला नको. १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा केसरीत मृत्युलेख टिळकांनी लिहिला, मतं बदलली नव्हती तरी मृत्यूपुढे भांडणं लहान होतात हे मान्य करून लिहिला, आणि कोणी लिहिलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्यासमोर २०२२ मध्ये कार्डिनलांमध्ये फिरलेलं ते "डेमोस" नावाचं पत्रक ठेवा, फ्रान्सिसची कारकीर्द म्हणजे संकट असं सांगणारं. ते कार्डिनल जॉर्ज पेल यांनी लिहिलं होतं हे ते वारल्यावर बाहेर आलं. इतका मोठा माणूस, आणि सही नाही! त्यातले काही मुद्दे विचार करण्यासारखे होते, आर्थिक घोटाळ्यांबद्दलचे तर नक्कीच, पण निनावी आल्यामुळे त्यांचा वादविवाद न होता कुजबुज झाली. म्हणून माझी कसोटी साधी आहे, शोकाच्या दिवसांत कोणी काही पाठवलं तर खाली नाव आहे का पाहतो, सोर्स आहे का पाहतो, आणि समोरच्या बाजूचं एक तरी वाचल्याशिवाय पुढे पाठवत नाही. यात वेळ जातो. जाऊ द्या.

शेवटचा आक्षेप व्यवहारी आहे, की हे सगळं इंग्रजी वाचणाऱ्यांना जमेल, आजींनी काय करायचं? हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो, आणि नेमका यावर कोणीच बोलून नाही राहिलं. मराठीत कॅथलिकांनी लिहायची परंपरा आहे, निरोप्या मासिक १९०३ पासून निघालं, वसईच्या सुवार्ता मासिकाला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा संपादक मिळाला जो पुढे साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, पण मासिक महिन्यातून एकदा येतं आणि पोप मासिकाची वाट पाहून मरत नाहीत. रोजच्या रोज, त्या दिवसाचं, मराठीत, खात्रीचं, असं वाचायला फार थोडं होतं. त्या रिकाम्या जागेत हिंदीतले व्हॉट्सअॅप फॉरवर्ड भरले. आणि आपण काय केलं, तर गोंधळ नको म्हणून पॅरिशचा (आपल्या चर्चच्या लोकांचा) एक मोठा ग्रुप फक्त अॅडमिन मेसेज टाकू शकतील असा करून टाकला. फॉरवर्ड बंद झाले? छे, ते घराघरातल्या दुसऱ्या ग्रुपवर गेले. बंद झाली ती कॉलेजातली पोरगी, जी प्रत्येक खोट्या फोटोखाली "हे खोटं आहे, व्हॅटिकनचं बुलेटिन हे बघा" म्हणून मराठीत दोन ओळी टाकत होती. सदरचं आपलं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे ते संत फ्रान्सिस डी सेल्स पत्रकारांचे आश्रयदाते आहेत, पोप पायस अकराव्यांनी १९२३ मध्ये तसं ठरवलं, कारण लोक प्रवचनाला येईनात तर हा माणूस हाताने लिहिलेली पत्रकं घराघराच्या दाराखालून सरकवत फिरला होता, लोकांच्या भाषेत. असल्या संताच्या पॅरिशला नऊ दिवस रोज संध्याकाळच्या मिस्सेनंतर पाच मिनिटं, आज काय झालं आणि काय झालं नाही, हे मराठीत वाचून दाखवायला दोन पोरं मिळू नयेत? ग्रुप उघडा करा आणि त्या पोरीला अॅडमिन करा, मी तर म्हणतो आजच करा, पोप लिओ ठणठणीत असतानाच.